चिंचिलाचा ‘परिपूर्ण’ संच : पिंजरा ठेवावा, गळ्यातली पिशवी परत करावी

चिंचिला हा दाट लवेचा, कुरतडणारा छोटा प्राणी पहिल्यांदाच घरी आणणाऱ्यांसाठी पिंजऱ्यापासून खाद्यापर्यंत सारे एकाच खोक्यात देणारे जे संच मिळतात, त्यांपैकी एका संचाचे हे परीक्षण आहे. खोक्यात तीन मजली तारेचा पिंजरा, प्लॅस्टिकच्या फळ्या, तारेचे चाक, धूळस्नानाचे भांडे व धुळीचे पाकीट, लपण्यासाठी लाकडी घर, पाण्याची बाटली, मिश्र खाद्याची पिशवी, गळ्यात अडकवायची कापडी पिशवी आणि एक माहितीपुस्तिका एवढ्या वस्तू येतात. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. याच घडणीचे संच थोड्याफार फरकाने अनेक नावांखाली विकले जातात, आणि येथे सांगितलेले गुणदोष त्यांतल्या बहुतेकांना कमीअधिक प्रमाणात लागू पडतात.

ज्या प्राण्यासाठी हा संच घेतला ती एक प्रौढ मादी आहे. तिच्या आधीच्या घरातल्यांना तिला पुढे सांभाळणे शक्य नव्हते, म्हणून ती आमच्याकडे आली. राखाडी रंगावरून आम्ही तिला भुरी म्हणतो. दत्तक आलेल्या प्रौढ चिंचिलाची अडचण पिल्लाच्या अडचणीहून वेगळी असते. तिला माणसांची सवय असते, पण ती दुसऱ्या माणसांची. उडीचा अंदाज जुन्या पिंजऱ्यातल्या फळ्यांवर बसलेला असतो. आणि ओळखीचे सगळे वास व आवाज एका दिवसात नाहीसे झालेले असतात. म्हणून या संचातील प्रत्येक वस्तू मी एकाच निकषावर तपासली आहे: माणसाच्या जवळ यायचे की दूर राहायचे, हे ठरवण्याची मुभा ती वस्तू प्राण्याला देते का? टिकाऊपणा, दिसणे, सफाईची सोय हे सारे त्यानंतर.

हा निकष लावण्याचे कारण चिंचिलाच्या स्वभावातच आहे. अँडीज पर्वताच्या कोरड्या, थंड, खडकाळ उतारांवर कळपाने राहणारा हा प्राणी कोल्ह्यांचे आणि शिकारी पक्ष्यांचे भक्ष्य आहे. वरून येणारी सावली आणि अंगाभोवती आवळणारी पकड या दोहोंचा त्याच्या लेखी एकच अर्थ होतो. पकड बसलीच, तर तेवढ्या जागेची लव तो झटक्यात सोडून देतो आणि निसटतो. माणसाच्या मुठीत केसांचा पुंजका उरतो आणि ती जागा पुन्हा भरून यायला काही महिने जातात. शिवाय आज पाळल्या जाणाऱ्या बहुतेक चिंचिलांचा वंश मथायस चॅपमन यांनी १९२३ साली चिलीहून कॅलिफोर्नियाला नेलेल्या ११ प्राण्यांपर्यंत मागे जातो असे सांगितले जाते. म्हणजे माणसाच्या सहवासाची त्यांची परंपरा शंभरेक वर्षांची, आणि त्यातलाही मोठा काळ फरसाठी पैदास करणाऱ्यांच्या पिंजऱ्यांत गेलेला. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत आपण जे गृहीत धरतो, ते येथे धरून चालत नाही.

या निकषावर संचातील सर्वांत चांगली वस्तू पिंजरा हीच ठरते, आणि त्यातही त्याचे दार. पुढच्या बाजूचे दार जवळजवळ पूर्ण रुंदीचे असून ते बाजूला उघडते, त्यामुळे जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात खालच्या आणि मधल्या मजल्यावर सरळ, आडवा जातो. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु नव्या चिंचिलाशी ओळख होते ती याच दारात. सुरुवातीचे काही दिवस दार बंद ठेवून पिंजऱ्याजवळ नुसते बसावे, हळू आवाजात बोलावे किंवा काहीतरी वाचत राहावे. ही वेळ संध्याकाळची असावी, कारण चिंचिला दिवसा झोपते आणि तिन्हीसांजेनंतर खऱ्या अर्थाने जागी होते. ती आपल्या देखत खाऊ लागली की दार उघडून तळहात फळीवर उताणा ठेवावा आणि तो तसाच राहू द्यावा. ती येते, हुंगते, मिशा लावते, बोटाला हलकेच दात लावून पाहते आणि पळून जाते. त्या वेळी हात झटकन मागे घेऊ नये आणि तिच्या मागे पुढेही नेऊ नये. पळून जाता आले, हेच तिला पुन्हा येण्याचे कारण असते. भुरीने हनुवटीखाली खाजवून घेण्यापर्यंतचा पल्ला याच दारात गाठला, आणि दार अरुंद असते तर हे इतक्या सहज झाले नसते असे मला खात्रीने वाटते.

याच पिंजऱ्याला छतावरही एक दार दिले आहे आणि पुस्तिकेत त्याचे ‘प्राणी बाहेर काढण्याची सोय’ असे कौतुक केले आहे. ते तारेने बांधून कायमचे बंद करावे. वरून आत उतरणारा हात कोणाचाही असो, चिंचिलाला तो घारीसारखाच दिसतो.

पिंजऱ्याची उंची पुरेशी आहे, गजांमधले अंतर प्रौढ प्राण्याला डोके अडकवता येणार नाही इतके कमी आहे आणि कड्या दाताने उचलता येत नाहीत. तळाला मात्र जाळी आहे. जाळीवर सतत बसल्याने चिंचिलाच्या पायांच्या तळव्यांना फोड आणि जखमा होतात. म्हणून ती काढून टाकून खालच्या ताटलीवर फ्लीसचे जाड कापड किंवा धूळ नसलेले लाकडाचे ढलपे घालावेत. देवदाराचे ढलपे वापरू नयेत, कारण त्यांतील उग्र तेले श्वसनाला त्रास देतात.

फळ्यांबद्दल थोडे कठोर बोलणे भाग आहे. चिंचिलाचे सगळे दात, म्हणजे पटाशीचे आणि दाढा मिळून वीसही दात, आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर वर्षाकाठी पाच ते सात सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे कुरतडणे ही त्या प्राण्याची खोड नसून गरज आहे, आणि जे समोर असेल ते कुरतडले जाणार हे कोणत्याही निर्मात्याला ठाऊक असायला हवे. तरीही या संचात फळ्या प्लॅस्टिकच्या आहेत. कडा कुरतडल्यावर पोटात जाणारे तुकडे आतड्यात अडकू शकतात, आणि चिंचिलाला उलटी करता येत नसल्यामुळे गिळलेले बाहेर टाकण्याचा मार्ग तिच्याकडे नसतो. भट्टीत वाळवलेल्या, रंग वा पॉलिश न लावलेल्या पाइनच्या फळ्या कोणताही सुतार कापून देईल. त्या जवळजवळ आणि पायऱ्यांसारख्या आलटूनपालटून बसवाव्यात, म्हणजे चिंचिला उंच उडी मारणारी असली तरी वरच्या फळीवरून थेट तळाशी पडणार नाही. एक फळी मधल्या दाराला अगदी लागून बसवावी. हात आणि प्राणी यांच्या भेटीची जागा तीच असते. सफरचंदाच्या किंवा विलोच्या वाळलेल्या, कीटकनाशक न मारलेल्या डहाळ्याही आत ठेवाव्यात. चेरी, जर्दाळू यांसारख्या कठीण बाठ्याच्या फळझाडांच्या मात्र नकोत.

चाक वापरू नये. त्याचा व्यास लहान असल्यामुळे धावताना प्राण्याची पाठ उलटी वाकते, आणि दांड्यांमधल्या फटींत पाय अडकून मोडण्याचा धोका आहे. प्रौढ चिंचिलाला किमान ३८ सेंटिमीटर व्यासाचे, सलग पृष्ठभागाचे धातूचे चाक लागते. इतके मोठे चाक या पिंजऱ्यात बसते, हे कंपनीला कसे सुचले नाही याचे नवल वाटते. बाटली ठीक आहे. तिची प्लॅस्टिकची बाजू पिंजऱ्याच्या बाहेर राहील अशी लावावी. लाकडी घर साधे आणि उत्तम आहे, फक्त त्याबाबत एक नियम घरातल्या सर्वांनी पाळावा: ती आत असताना त्या घरात कोणीही हात घालायचा नाही आणि घर उचलायचेही नाही.

धूळस्नानाचे भांडे ही संचातील दुसरी चांगली वस्तू. जाड काचेचे, जड बुडाचे आणि आडव्या तोंडाचे हे भांडे चिंचिलाने आत गिरक्या घेतल्या तरी कलंडत नाही. चिंचिलाच्या एका रोमकूपातून पन्नासहून अधिक केस निघतात. लव इतकी दाट असते की ती पाण्याने भिजली तर आतपर्यंत वाळत नाही, त्वचेला बुरशी धरते आणि अंगातली ऊब जाते. म्हणून तिला पाण्याने कधीही अंघोळ घालायची नाही. ज्वालामुखीच्या राखेसारखी अतिशय बारीक धूळ लवेत शिरून तेल आणि ओलावा शोषून घेते. पाकिटातली धूळ हवी तशी पिठासारखी मऊ आहे. वाळू हा तिला पर्याय नव्हे, कारण वाळूचे जाडे कण केस तोडतात आणि डोळ्यांना टोचतात.

पुस्तिकेत भांडे कायम पिंजऱ्यात ठेवावे असे म्हटले आहे, ते मानू नये. भांडे आत राहिले की त्याचा शौचालय म्हणून उपयोग सुरू होतो, शिवाय सारखे लोळल्याने त्वचा कोरडी पडते आणि डोळे चुरचुरतात. आठवड्यातून दोन ते चार वेळा, दर वेळी दहापंधरा मिनिटे पुरेशी असतात. हवा दमट असेल तर वारंवारता थोडी वाढवावी. याहून महत्त्वाचा उपयोग मात्र पुस्तिकेत कुठेच नाही. पिंजऱ्याबाहेर खेळायला सोडलेली चिंचिला परत आत कशी न्यायची, हा प्रत्येक नव्या पालकापुढचा प्रश्न असतो आणि पाठलाग करून पकडणे हे त्याचे सर्वांत वाईट उत्तर असते, कारण कष्टाने जमवलेला विश्वास त्या दोन मिनिटांत उधळला जातो. खेळ संपवायच्या वेळी धुळीचे भांडे पिंजऱ्यात, दाराच्या आत ठेवावे. भांडे दिसले की भुरी स्वतःहून आत जाते, मनसोक्त लोळते, आणि तोवर दार लावून घेता येते. कोणी कोणाला पकडलेले नसते. लोळणाऱ्या चिंचिलाला आजूबाजूला धोका वाटत नसतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या देखत ती पोट वर करून गिरकी घेऊ लागली की समजावे, ओळख पुढे सरकली आहे.

खाद्याची पिशवी दिसायला आकर्षक आहे. त्यात पेलेटसोबत, म्हणजे गवताच्या भुकटीच्या दाबून केलेल्या गोळ्यांसोबत, मनुका, सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे आणि वाळवलेल्या फळांचे रंगीत तुकडे आहेत, आणि नेमके तेच घातक आहे. चिंचिला गोड आणि तेलकट तेवढे वेचून खाते व पेलेट बाजूला सारते. तिची पचनसंस्था मात्र भरड, तंतुमय गवतासाठी घडलेली असते. साखर आणि पिष्ट जास्त झाले की आतड्यातले उपयुक्त जंतू बिघडतात, वायू धरतो, पोट फुगते. आहाराचा मुख्य भाग टिमोथीसारखे वाळलेले गवत हाच असला पाहिजे आणि ते दिवसरात्र समोर असले पाहिजे, कारण दाढा झिजतात त्या गवत चावूनच. त्यावर साधे, एकजिनसी पेलेट दिवसाला एक ते दोन चमचे. ल्यूसर्न गवतात कॅल्शियम अधिक असते, म्हणून ते प्रौढ प्राण्याला रोज देऊ नये. आश्चर्याची गोष्ट अशी, की सर्व काही असलेल्या या खोक्यात गवताची एक काडीही नाही.

दत्तक प्राण्याच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. आधीच्या घरी ती जे पेलेट खात होती तेच मागून आणावेत आणि नवे पेलेट त्यांत थोडे थोडे मिसळत दोन आठवड्यांत बदल पूर्ण करावा. घर बदलल्याचा ताण आणि खाणे बदलल्याचा ताण एकाच वेळी देणे आतड्यांना मानवत नाही. पहिल्या रात्री चिंचिला कमी खाते, हे समजण्यासारखे आहे. परंतु अर्धा दिवस तिने काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर वाट न पाहता लहान विदेशी प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. असा डॉक्टर प्राणी घरी येण्यापूर्वीच शोधून ठेवावा. घरातली उरलेली प्रतिजैविके तर कदापि देऊ नयेत, कारण पेनिसिलिनच्या जातीची औषधे तोंडावाटे दिल्यास चिंचिलाच्या जिवावर बेततात.

आता त्या पिशवीविषयी, जिच्या छायाचित्राने खोक्याचा अर्धा दर्शनी भाग व्यापला आहे. गळ्यात अडकवायची ही कापडी पिशवी आहे. प्राण्याला तिच्यात घालून चेन ओढावी, ती छातीशी बाळगून रोज काही तास घरात वावरावे, म्हणजे त्याला आपल्या वासाची सवय होते आणि जवळीक लवकर जुळते, असे पुस्तिका सांगते. ही पद्धत शुगर ग्लायडरच्या पालकांकडून उचललेली आहे. तो प्राणी झाडाच्या ढोलीत एकमेकांना बिलगून झोपणारा आणि उबेत रमणारा असल्याने त्याला ती मानवते. चिंचिलाचे तसे नाही. तिला १५ ते २१ अंश सेल्सियसचे तापमान मानवते, २५ च्या वर त्रास सुरू होतो आणि त्याहून थोडे अधिक वाढले तरी उष्माघात होऊ शकतो. तिला घाम येत नाही, अंगातली उष्णता ती मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकते. अशा प्राण्याला इतक्या दाट लवेसह, बंद कापडात, माणसाच्या अंगाला चिकटवून ठेवणे म्हणजे त्याला तापवणेच आहे.

उष्णतेचा प्रश्न नसता तरीही ही पिशवी मी नाकारली असती. तिच्यातून बाहेर पडायला वाट नाही. पिशवीत चिंचिला शांत बसते हे खरे आहे, परंतु ती शांतता समाधानाची आहे असे मानण्याला आधार नाही. भक्ष्य असलेले प्राणी सुटका नसली की हालचाल थांबवतात, आणि पाहणाऱ्याला तो विश्वास वाटतो. वासाची सवय करायचीच असेल, तर आपण दिवसभर वापरलेला सदरा पिंजऱ्याच्या बाहेर, जवळच्या खुर्चीवर ठेवावा. आत ठेवला तर ती धागे ओढून खाईल.

जवळीक जुळते ती जमिनीवर. एखादी लहान खोली निवडावी, विजेच्या तारा उचलून ठेवाव्यात, कपाटामागच्या फटी बुजवाव्यात, आणि मग आपण स्वतः मध्ये बसून राहावे, तिच्याकडे एकटक न पाहता. ती आधी भिंतीकडेने धावते, मग पायांवरून उडी मारून जाते, मग कधीतरी मांडीवर थांबते, खांद्यावर चढते, कानाशी हुंगते. ओटचा एखादा चपटा दाणा तिच्यासाठी हाताशी असावा, पण तो लाच म्हणून पुढे नाचवू नये. उचलण्याची वेळ आलीच, तर एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली देऊन तिला अंगाशी धरावे. बरगड्या दाबू नयेत, कारण त्या नाजूक असतात. काही चिंचिलांना उचललेले कधीच आवडत नाही, तरीही त्या माणसाशी उत्तम रुळलेल्या असतात. भुरी त्यांपैकीच आहे आणि आम्हाला त्यात उणे काही वाटत नाही.

पुस्तिकेबद्दल वेगळे लिहायला नको होते, पण तिच्यातले एक पान नव्या पालकाची दिशाभूल करील. चिंचिलाच्या सगळ्या आवाजांना तेथे ‘आनंदाचे बोल’ म्हटले आहे. हळुवार, घुमल्यासारखा आवाज हा खरोखरच संपर्काचा असतो. पण भुंकल्यासारखा, एकामागून एक येणारा कर्कश आवाज धोक्याचा इशारा असतो, आणि दात कडकडणे हे बहुतेक वेळा ‘मागे व्हा’ असे सांगणे असते. मागच्या पायांवर उभी राहून दात वाजवणारी मादी त्यानंतर मूत्राची पिचकारी मारते, तीही नेम धरून. हे पुस्तिकेत छापले असते तर पुष्कळांचे चष्मे वाचले असते.

जे खोक्यात नाही त्यांपैकी तीन वस्तू आधी आणाव्यात. तापमान आणि आर्द्रता दाखवणारा मापक, कारण हवा गरम आणि दमट दोन्ही असली की धोका दुणावतो आणि कान लालबुंद दिसेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे होय. फरशीचा किंवा ग्रॅनाइटचा एक तुकडा, ज्यावर ती पोट टेकून पडेल. आणि ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला साधा काटा. दाट लवेमुळे चिंचिला रोडावली तरी दिसत नाही. काट्यावर भांडे ठेवून त्यात तिने स्वतःहून उडी मारावी अशी सवय लावली, तर दर आठवड्याची नोंद विनासायास होते, आणि सलग घटणारे वजन दातांच्या दुखण्याची सूचना इतर लक्षणांच्या पुष्कळ आधी देते. पटाशीचे दात पिवळट नारिंगी असले तर घाबरू नये; तोच त्यांचा निरोगी रंग आहे.

खोक्यावर ‘दोन चिंचिलांसाठी योग्य’ असाही शिक्का आहे. आकारमान पाहता दोन जमलेल्या प्राण्यांना हा पिंजरा पुरेल, पण ‘जमलेल्या’ हा शब्द तेथे नाही. दोन अनोळखी चिंचिलांना एकदम एका पिंजऱ्यात सोडल्यास त्या एकमेकींना गंभीर जखमी करू शकतात. नव्या प्राण्याला आधी काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून आजार नाही ना हे पाहावे लागते, मग दोन पिंजरे थोड्या अंतरावर शेजारी ठेवावे लागतात, आणि त्यानंतर दोघींच्याही मालकीची नसलेल्या जागेत देखरेखीखाली भेटी घडवाव्या लागतात. या काळात दुसरा पिंजरा लागतोच, आणि ओळख जमली नाही तर तो कायमचा लागतो. संचातले घर एका दाराचे असल्याने आत शिरलेलीला कोंडीत सापडण्याची भीती असते. दोघींसाठी दोन दारांची दोन घरे वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवावीत. आम्ही पिंजरा, धुळीचे भांडे, बाटली आणि लाकडी घर ठेवले, बाकीचे परत केले. हाच पिंजरा काही विक्रेते सुटाही देतात. तसा मिळत असेल तर पूर्ण संच घेण्याचे कारण उरत नाही.